वाचकांचे प्रश्न: कटर कंपनीचाच घ्यायचा की दुसरा चालतो?

गेल्या अंकात सांधे मारायच्या मशीनवर लिहिलं होतं, बिस्किट जॉइनर आणि फेस्टूल कंपनीचं डॉमिनो (दोन्ही लाकडात खाच पाडतात, त्या खाचेत छोटा लाकडी तुकडा बसवून दोन फळ्या जोडायच्या, एकात तो चपटा ‘बिस्किट’, दुसऱ्यात ‘टेनन’), आणि त्यावर जी पत्रं आली त्यात मशीन कुठलं घेऊ हे विचारणारे थोडेच, बाकी सगळे एकच विचारतायत की मशीन तर घेतलं, आता कटर ओरिजिनलच घ्यायला पाहिजे का. म्हणून यावेळी सगळे प्रश्न कटरचेच घेतलेत. सनमायका फुगतो त्याचं पुढच्या वेळी बघू.

प्रश्न (धायरी, पुणे): दादा, सेकंडहँड डॉमिनो डीएफ ५०० घेतलंय. सोबत फक्त ५ मिमीचा कटर आला, तोही पार घासलेला. ओरिजिनल ६, ८ आणि १० घ्यायचे म्हटलं तर या महिन्याचं भाडं जाईल. ऑनलाइन चार कटरचा डबा मिळतोय, किंमत साधारण एका ओरिजिनल कटरएवढी. मिस्त्री म्हणतो सगळं एकाच कारखान्यातून येतं, फक्त डबा वेगळा. घेऊ का?

उत्तर: मिस्त्रींचं हे वाक्य मी फेव्हिकॉलपासून बेअरिंगपर्यंत सगळ्याबद्दल ऐकलंय, त्यामुळे ते सोडून देऊ. आधी एक गल्लत काढून टाका. दुसऱ्या कंपनीचा कटर वेगळा आणि डुप्लिकेट कटर वेगळा. इटलीची सीएमटी आहे, ती स्वतःच्या नावाने डॉमिनोला बसणारे कटर विकते, व्यास, लांबी, आटे सगळं कॅटलॉगमध्ये छापलेलं असतं, काही बिघडलं तर कोणाला विचारायचं ते माहीत असतं. असा कटर घ्यायला माझी काहीच हरकत नाही. पण डब्याचा रंग फेस्टूलसारखा, नाव फेस्टूलच्या जवळपास जाणारं आणि मापाच्या नावाखाली फक्त ‘फिट्स डॉमिनो’, असला डबा फुकट मिळाला तरी मशीनला लावू नका.

आता तुमच्या डब्याचं. विकणाऱ्याला पहिला प्रश्न आट्यांचा विचारा. डीएफ ५०० चे आटे एम ६ (म्हणजे ६ मिमी व्यासाचे) आहेत पण पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, ०.७५ मिमी आहे, आणि आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा एम ६ बोल्ट १ च्या पिचचा असतो. समोरचा नुसतं ‘एम ६ आहे साहेब’ म्हणाला तर त्याला पिच विचारा, आणि तो गप्प झाला तर तुम्हाला उत्तर मिळालंच. कटर घरी आल्यावर मशीनची पिन बोर्डातून काढायची, स्पिंडल (कटर बसतो तो फिरणारा दांडा) लॉक करायचं बटण दाबायचं आणि कटर नुसत्या बोटांनी फिरवत बसवायचा, शेवटपर्यंत बोटांनीच गेला पाहिजे, ८ चा पाना फक्त शेवटचं आवळायला. दोन आट्यांतच अडकला तर तिथेच थांबा आणि उलटा काढा. पान्याने जोर लावलात तर कटर बसेलही, पण स्पिंडलचे आटे जातील आणि त्या खर्चापुढे ओरिजिनल कटर स्वस्त वाटेल.

मग लांबी. ही कोणी बघत नाही आणि सगळ्यात जास्त नुकसान हीच करते. डीएफ ५०० ला खोलीचे टप्पे १२, १५, २०, २५ आणि २८ मिमी, आणि हे आकडे ओरिजिनल कटरच्या लांबीवर धरलेले असतात. तुमचा कटर दीड मिमी लांब असला तर १५ वर लावलेलं मशीन साडेसोळा जाणार, म्हणजे १८ च्या प्लायच्या पोटात खाच मारताना मागे ३ मिमी उरायला हवं तिथे दीडच उरतं, आणि क्लॅम्प आवळला की सनमायकाच्या बाजूने टेंगूळ दिसतं. बघायला सोपं आहे, टाकाऊ तुकड्यात एक खाच मारायची आणि व्हर्नियरच्या मागून जी बारीक पट्टी बाहेर येते तिने खोली मोजायची. अजून एक, मशीन बंद असताना समोरून बघा, कटरचं टोक बेसच्या आतच राहिलं पाहिजे. जरा जरी बाहेर डोकावत असेल तर परत पाठवा, कारण मग मशीन टेबलावर ठेवताना, उचलताना, कधीही बोटाला लागणार.

तिसरं म्हणजे कटर सरळ फिरतो का. डॉमिनोत कटर नुसता गोल फिरत नाही, फिरता फिरता गाडीच्या वायपरसारखा डावीउजवीकडे झुलतोही, तेही मिनिटाला चोवीस हजारांच्या वर फेरे घेत. राऊटरच्या बीटला एवढा आडवा मार सतत बसत नाही. त्यामुळे बुडाची बसायची जागा काटकोनात नसली की टोकाला कटर थरथरतो आणि ८ च्या कटरने ८ ची खाच न पडता थोडी जास्त पडते. डायल गेज नसलं तरी चालेल, साधी टेस्ट सांगतो. सागाच्या तुकड्यात सगळ्यात अरुंद सेटिंगवर खाच मारा, कोरडा ओरिजिनल टेनन हाताने दाबून बसवा आणि तुकडा उलटा धरा. टेनन हाताने आत गेला पाहिजे आणि उलटं धरल्यावर खाली पडला नाही पाहिजे. पडला तर कटर जाड खाच पाडतोय. हातोडीशिवाय जातच नसेल तर कटर बारीक आहे, किंवा टेनन फुगलेत, त्याचं खाली मेलबर्नच्या उत्तरात सांगतो.

कार्बाइडची टिप स्टीलवर ब्रेझ केलेली (मध्ये धातू वितळवून जोडलेली) असेल तर तो जोड उजेडात धरून बघा. चांगल्या जोडाची चकचकीत रेघ टिपच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड दिसते. मध्येच काळं भोक किंवा फट दिसली तर ती टिप एक दिवस गाठीला लागून उडणार. टिपच्या धारेवर भिंगातून बघताना करवतीसारखे बारीक दाते दिसले तर ग्राइंडिंगच भंगार आहे, नवा असून बोथट.

आता माझं मत, आणि हे मतच आहे, पटलं तर घ्या. ४ आणि ५ चे कटर ओरिजिनलच घ्यायचे. मान बारीक असते, झुलण्याचा सगळा मार तिथेच बसतो आणि मोडतात ते हेच दोन. ओरिजिनल ५ चा कटर पण मॅन्युअलप्रमाणे १२, १५ आणि २० खोलीलाच वापरायचा असतो, २५ आणि २८ ला नाही, कारण त्याची दांडी आखूड आहे, आणि हे न वाचता २८ लावून ‘कटर बेकार निघाला’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. ६, ८ आणि १० मात्र नाव असलेल्या दुसऱ्या कंपनीचे बिनधास्त घ्या. ६ आणि ८ वर तुमचं बहुतेक काम निघेल, १० चा पहिल्याच दिवशी लागत नाही. म्हणजे चारचा डबा घेण्यापेक्षा चांगल्या कंपनीचे दोन सुटे कटर घ्या, पैसे साधारण तेवढेच जातील.

आणि हो, व्हॅक्यूम लावताय का? नसाल लावत तर कुठलाही कटर लवकर जाणार. भुसा खाचेतच कोंबला जातो, कटर त्यातच परत परत फिरतो, तापतो, लाकूड काळं पडतं. सागात नैसर्गिक सिलिका असते त्यामुळे धार तशीही लवकर मरते, त्यात हे अजून.

प्रश्न (सावंतवाडी): काका, फणसाच्या फळ्या जोडून टेबल टॉप करतो. बिस्किट जॉइनरचं ब्लेड बोथट झालंय, लाकूड जळतंय. इथल्या दुकानदाराने ४ इंची लाकडाचं ब्लेड दाखवलं, भोक २० चं आहे, म्हणाला लेथवर २२ करून देतो. चालेल का? आणि दुसरं, मित्राने त्याच्या मशीनला वेगळ्या कंपनीचं ब्लेड टाकल्यापासून खाच फळीच्या बरोबर मध्ये येत नाही म्हणतो.

उत्तर: नाही चालणार, आणि त्याला कारण फक्त भोक नाही. दुकानदाराने दाखवलेलं ब्लेड बहुतेक मार्बल कटरला लावतात ते ११० मिमीचं आहे, त्याचा काप दोन मिमीच्या आसपास असतो. बिस्किट ४ मिमी जाड, त्याला ४ ची खाच लागते. शिवाय ११० चं ब्लेड १०० साठी बनवलेल्या घरात घासेल किंवा बसणारच नाही. आणि भोक लेथवर वाढवताना ते मध्यापासून जरा जरी हललं तर दहा-अकरा हजार आरपीएमला मशीन हातात थरथरायला लागेल. तो पर्याय डोक्यातून काढून टाका.

तुम्हाला हवं ते ब्लेड बिस्किट जॉइनरचं म्हणूनच मिळतं. बहुतेक मशीनला व्यास १००, दात ४ मिमी रुंद आणि भोक २२, पण काही मशीनला भोक २० असतं, म्हणून जुनं ब्लेड काढून व्हर्नियरने मोजा आणि मगच ऑर्डर करा. लमेलो कंपनीच्या मशीनमध्ये ब्लेड स्क्रूने धरतात, त्याला मधल्या भोकाभोवती चार छोटी भोकं लागतात, ती नसलेलं ब्लेड तिथे उपयोगाचं नाही. ब्लेडवर कमाल आरपीएम कोरलेला असतो, तो मशीनच्या आरपीएमपेक्षा जास्त पाहिजे. युरोपात बनलेल्या ब्लेडवर ईएन ८४७-१ आणि एमएएन असं दिसलं तर समजा ते हाताने चालवायच्या कामासाठी तपासलेलं आहे. ज्या ब्लेडवर काहीच कोरलेलं नाही त्याच्या बनवणाऱ्यालाच त्याच्याबद्दल काही सांगायचं नाहीये.

बिस्किटच्या बाबतीत दुसऱ्या कंपनीचं ब्लेड घ्यायला मी डॉमिनोपेक्षा कमी घाबरतो. बिस्किट म्हणजे दाबलेलं बीच लाकूड, पाण्याचा गोंद लागला की ते फुगतं आणि खाच जरा सैल असली तरी भरून काढतं. डॉमिनोचा टेनन असं सांभाळून घेत नाही. मात्र हे पाण्यातल्या गोंदाचं झालं, इपॉक्सी किंवा पीयू लावत असाल तर बिस्किट तसं फुगत नाही आणि मग खाच नीटच पाहिजे. तुमच्या हवेत पावसाळ्यात बिस्किटं पाकिटातच फुगतात, मग नवीन ब्लेड टाइट वाटतं आणि शिव्या ब्लेडला बसतात. झिपच्या पिशवीत सिलिका जेल टाकून ठेवा आणि ब्लेडची टेस्ट कोरड्या बिस्किटानेच करा.

व्यासाकडे पण बघा. २० नंबरचं बिस्किट ५६ लांब, २३ रुंद, म्हणजे प्रत्येक फळीत साडेअकरा बसतं आणि वर गोंदाला थोडी जागा लागते. ब्लेड ९८ चं असेल तर खाच १ मिमी उथळ पडते, बिस्किट तळाला टेकतं आणि फळ्या मिळतच नाहीत, तुम्ही क्लॅम्प आवळत बसता. मशीनवर खोली बारीक जुळवायचा स्क्रू असतो, ब्लेड बदललं की तो परत लावायचाच.

तुमच्या मित्राला सांगा की खाच मध्ये नाही आली तरी काही बिघडत नाही. वेगळ्या ब्लेडचे दात बुडापासून थोडे वरखाली असतात म्हणून खाच सरकते, पण दोन्ही फळ्यांना मशीनचा फेन्स (फळीला टेकवायची पट्टी) एकाच बाजूने लावला, म्हणजे दोन्हीकडे वरच्याच बाजूने, तर दोन्ही खाचा सारख्याच सरकतात आणि वरची पातळी जुळते. फळ्या मांडल्या की वरच्या बाजूला खडूने खूण करून ठेवायची, बस.

प्रश्न (कोल्हापूर): दादा बिस्किटचं ब्लेड थेट ४ इंची ग्राइंडरला लावलं तर? यूट्यूबवर एकाने केलंय. मशीनचे पैसे वाचतील.

उत्तर: नको रे बाबा. ४ इंची ग्राइंडरच्या डिस्कला भोक १६ चं असतं, २२ चं ब्लेड त्यावर मध्यभागी बसणारच नाही, मग तू रिंगा कापून घालणार. ग्राइंडरचं गार्ड दगडाच्या ठिणग्या अडवायला आहे, लाकडात घुसलेलं दातांचं ब्लेड अडकून उडी मारतं तेव्हा ते काही कामाचं नाही. बिस्किट जॉइनरमध्ये ब्लेड स्प्रिंगने आपोआप आत जातं, ग्राइंडरमध्ये ते उघडंच राहतं. पैसे वाचवायचेत तर डॉवेलचा (गोल लाकडी खुंटीचा) साधा जिग, म्हणजे भोकं सरळ मारायचा साचा, घे आणि तुझ्याकडे आहे त्या ड्रिलने काम कर, सांधा तेवढाच घट्ट होतो, वेळ जरा जास्त जातो एवढंच.

प्रश्न (मेलबर्न, ऑस्ट्रेलिया): नमस्कार. गॅरेजमध्ये हौस म्हणून काम करतो. डीएफ ५०० ला दुसऱ्या कंपनीचा ८ मिमी कटर लावला, आता टेनन हातोडीने मारावे लागतात, ओरिजिनल कटरला असं होत नव्हतं. कटर परत करू का? तसंच मित्राचं डीएफ ७०० आहे, त्यात माझे कटर चालतील का? वॉरंटी जाईल का?

उत्तर: परत करण्याआधी दोष कोणाचा ते ठरवा. व्हर्नियर घ्या आणि पाकिटातले पाचसहा टेनन जाडीला मोजा. आठच्या वर जात असतील तर ते दमट हवेने फुगलेत. एक-दोन टेनन मायक्रोवेव्हमध्ये थोडे थोडे सेकंद देऊन वाळवा, लक्ष ठेवून, नाहीतर करपतील, मग परत बसवून बघा. सहज बसले तर कटरला निर्दोष सोडा आणि टेनन बंद डब्यात ठेवा. टेनन बरोबर आठचे आणि तरी टाइट, तर खाच मोजा. खाच आठपेक्षा कमी भरली तर कटरचा व्यास कमी आहे, परत करा, घासून किंवा मशीन हलवून खाच वाढवायच्या फंदात पडू नका. अजून एक शक्यता म्हणजे खाचेत भुसा राहिलाय, ते आधी बघा, कारण तेवढ्यासाठी कुरिअरला पैसे घालवणं वाईट.

डीएफ ७०० चे आटे वेगळे, एम ८ आणि पिच १, त्यामुळे तुमचे कटर थेट बसणार नाहीत. त्याचे स्वतःचे कटर ८, १०, १२ आणि १४ आहेत. छोटे कटर बसवायचा अ‍ॅडॉप्टर मिळतो, तोही तिसऱ्याच कोणाचा, आणि त्यावर लोक खूश आहेत. पण अ‍ॅडॉप्टर म्हणजे अजून एक जोड, जोड आला की डगमग आली, म्हणून वर पुण्याला सांगितलेली उलटं धरायची टेस्ट इथे दोनदा करा. आणि खोलीचे आकडे परत मोजा, पट्टीवरचे खरे धरू नका.

वॉरंटीचं असं, की दुसऱ्याचा कटर लावला म्हणून मोटरचं स्विच गेलं तर कोणी सहसा अडवत नाही, पण स्पिंडलचे आटे किंवा बेअरिंग गेलं तर पहिला प्रश्न कटरचाच येणार. कार्डावर काय लिहिलंय ते तुमच्या देशाच्या कार्डावर बघा, प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं.

प्रश्न (भोसरी): मॉड्युलर किचनचं छोटं युनिट आहे. डॉवेलची भोकं मारायच्या मल्टी बोरिंग मशीनला लोकल बीट टाकले, अर्धी भोकं मस्त आणि अर्धी जळालेली, कडा पण फुटतायत. बीट खराब का?

उत्तर: बीट बहुतेक बरे आहेत, जागा चुकल्यात. मल्टी बोरिंगमध्ये शेजारशेजारचे स्पिंडल एकमेकांच्या उलट फिरतात, एक उजवा एक डावा, आणि बीट पण तसेच दोन प्रकारचे येतात, साधारणपणे उजवा काळा आणि डावा लाल. डाव्या जागी उजवा बीट गेला की तो कापत नाही, नुसता घासतो. लोकल बीटला रंग उडालेला किंवा नसलेला असतो, म्हणून पीळ कुठल्या बाजूला आहे ते बघून लावा. दुसरं, एकाच मशीनवर ५७.५ आणि ७० लांबीचे बीट मिसळले नाहीत ना? मापाचा स्क्रू बुडाला असतो त्यानेही थोडाफार फरक निघतो पण साडेबारा मिमीचा नाही.

प्रश्न (नाशिक): मी फर्निचर वर्कशॉप चालवते, तीन कारागीर आहेत. ओरिजिनल कटरला धार लावून घ्यावी का स्वस्तातला नवीन टाकावा? कारागीर म्हणतात ताई धार लावून देतात सातपूरला.

उत्तर: ताई, कुठला कटर त्यावर आहे. बिस्किटच्या ब्लेडला धार लावता येते, कार्बाइडचं काम करणाऱ्या, डायमंड व्हील असलेल्या माणसाकडेच द्या. दाताच्या समोरच्या तोंडावरून घासायला सांगा, बाजूने नाही, कारण बाजूने घासलं की ४ ची खाच ३.८ होते आणि बिस्किट आत जात नाही. समोरून घासलं तरी थोडी रुंदी कमी होतेच, म्हणून एक-दोन वेळा ठीक, मग ते ब्लेड निवृत्त. नाव असलेल्या कंपनीच्या ब्लेडमध्ये टिप जाड असते, घासायला माल असतो. स्वस्त ब्लेडची टिप इतकी पातळ की धारेचे पैसे वाया.

डॉमिनोच्या कटरला धार लावू नका. व्यास कमी झाला की सगळे टेनन टाइट, दुसरं काहीच हाती लागत नाही. तो बोथट झाला की नवीनच.

पण बोथट झालाय हे नक्की ना? सागाचा चीक आणि प्लायचा गोंद दातावर बसला की धार असूनही कटर जाळतो. आधी रात्रभर रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, पुसून कोरडा करा. मग धार उजेडाकडे करून बघा. धारेवर पांढरी चमकणारी रेघ दिसली तर ती खरंच गेलीय, रेघ नसेल तर कटर परत कामाला लावा. कारागिरांना कॉस्टिक सोडा वापरू देऊ नका, चीक लवकर निघतो पण ते कार्बाइडला आणि ब्रेझिंगलाही खातं. आणि तुमचं काम एचडीएचएमआर (ओलावा सोसणारा दाट बोर्ड) आणि प्लायचं जास्त असेल तर त्यासाठी दुसऱ्या कंपनीचं स्वस्त ब्लेड वेगळं ठेवा, सागाचं वेगळं, ब्लेडवर मार्करने लिहून. बोर्डातला गोंद धारेला असा खातो की चांगलं ब्लेड तिथे घालवायला जीव होत नाही.